भुकेल्या जंतूचे विष

क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा मोठ्या आतड्यात राहणारा, प्राणवायू न सोसणारा आणि बीजाणू तयार करणारा जंतू आहे. रुग्णालयात दाखल असलेल्या, प्रतिजैविके चालू असलेल्या माणसाला चौथ्या-पाचव्या दिवशी जे जुलाब सुरू होतात, त्यांच्या जंतुजन्य कारणांत जगभर याचे नाव आघाडीवर असते. प्रयोगशाळेतली माणसे त्याला ‘सी डिफ’ एवढेच म्हणतात. आजार घडवतात ती त्याने सोडलेली दोन प्रथिने : टॉक्सिन ए आणि टॉक्सिन बी. ही प्रथिने बनवण्याची जनुके ज्या वाणात नाहीत तो वाण आतड्यात कितीही वाढला, तरी या विषांचा आजार त्याच्यामुळे होत नाही. जनुके असलेला वाणही सदासर्वकाळ विष बनवत बसत नाही. निदानातले बहुतेक घोटाळे या दोन गोष्टी विसरल्याने होतात.

 आठ तालुक्यांच्या जालना जिल्ह्यात जुलाबाचा रुग्ण समोर आला की मनात येणारी नावे ठरलेली असतात. पावसाळा असेल तर गॅस्ट्रो आणि पटकी, पोटात मुरडा असेल तर आव, ताप असेल तर टायफॉइड. प्रयोगशाळेचा दिनक्रमही याच क्रमाने बसलेला असतो. सकाळी वॉर्डातून डब्या येतात. सलाइन आणि आयोडीनमध्ये काच करून अमिबा, जिआर्डिया, कृमींची अंडी पाहिली जातात, पटकीच्या शंकेला हँगिंग ड्रॉप लावतात, मॅकॉन्कीच्या प्लेटवर रेघ ओढून इनक्युबेटरमध्ये ठेवतात. दुसऱ्या दिवशी ‘रोगकारक जंतू आढळला नाही’ असा रिपोर्ट जातो. तो खोटा नसतो, कारण जे शोधले ते खरोखरच नव्हते. सी डिफ मात्र यांतल्या एकाही परीक्षेत दिसण्यासारखा नाही. साध्या हवेत ठेवलेल्या प्लेटवर तो उगवत नाही आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतड्यातल्या इतर दंडाणूंमध्ये तो वेगळा ओळखू येत नाही. जिल्हा पातळीवरच्या बहुतेक प्रयोगशाळांत प्राणवायूविरहित संवर्धनाची कायम सोय नसते, त्यामुळे या जंतूचा प्रश्न बऱ्याचदा विचारलाच जात नाही.

1935 साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये इव्हान हॉल आणि एलिझाबेथ ओ’टूल यांनी या जंतूचे पहिले वर्णन केले, तेही निरोगी नवजात बाळांच्या शौचातून. त्याचे संवर्धन प्राण्यांना टोचले की प्राणी मरत, आणि ज्यांच्या पोटात तो होता ती बाळे मात्र मजेत होती. हा विरोधाभास तिथेच पडून राहिला. चाळीसएक वर्षांनी प्रतिजैविकांनी तो पुन्हा वर आणला. 1974 मध्ये सेंट लुईसमधल्या टेडेस्को यांनी क्लिंडामायसिन घेतलेल्या 200 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या 42 जणांना जुलाब झाले आणि 20 जणांच्या आतड्यात पिवळट पांढऱ्या पापुद्र्याचे चट्टे दिसले. त्याच वर्षी पेनिसिलिन दिलेल्या गिनिपिगांच्या आतड्यातला द्रव संवर्धित पेशींवर टाकल्यावर त्या पेशी गोल होऊन मरतात, हे ग्रीन यांनी पाहिले. हा विषाणूचा परिणाम असावा, असा त्यांचा कयास होता. पेशी मारणारे विष समोर होते, पण ते बनवणाऱ्यावर कोणाची नजर गेली नव्हती.

उलगडा झाला तो प्रतिविषामुळे. गॅस गँगरीनवर वापरायच्या सीरममधला क्लॉस्ट्रिडियम सॉर्डेली या जंतूविरुद्धचा अंश मिसळला की रुग्णाच्या शौचातले विष निकामी होते, असे 1977 मध्ये आढळले. हे तत्त्व महाराष्ट्राला अनोळखी नाही. हाफकिनच्या पिंपरीतल्या तबेल्यात घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशाचे प्रतिविष बनते ते याच पायावर. नेमके प्रतिविष विषाला चिकटते आणि विष काम करेनासे होते. पण सॉर्डेली तर रुग्णांत सापडेना. 1977-78 मध्ये ब्रिटनमधील लार्सन आणि अमेरिकेतील बार्टलेट यांच्या गटांनी खरा उत्पादक दाखवून दिला. दोन्ही जंतूंची विषे नात्यातली असल्यामुळे एकाच्या प्रतिविषाने दुसऱ्याचे विष अडले होते. म्हणजे या आजारात विष आधी सापडले आणि जंतू मागाहून. निदानाच्या टेबलाशी बसणाऱ्याने हा क्रम ध्यानात ठेवलेला बरा.

दोन्ही विषे आकाराने अवाढव्य आहेत. टॉक्सिन ए 2,710 अमिनो आम्लांचे आहे आणि टॉक्सिन बी 2,366 अमिनो आम्लांचे. इन्सुलिनमध्ये ती 51 असतात, यावरून अंदाज यावा. एवढे मोठे प्रथिन बनवणे जंतूला महागात पडते. म्हणून त्याच्यावर नियंत्रणही तितकेच कडक आहे.

विषाची जनुके जंतूच्या गुणसूत्रावर सुमारे 19,600 अक्षरांच्या एका सलग पट्ट्यात बसलेली आहेत. त्यात टॉक्सिन ए आणि बी यांची दोन मोठी जनुके आणि टीसीडी-आर, टीसीडी-ई, टीसीडी-सी ही तीन लहान जनुके आहेत. बिनविषारी वाणात हा अख्खा पट्टा गायब असतो आणि त्या जागी शंभरएक अक्षरांचा तुकडा असतो. टीसीडी-आरपासून बनणारा सिग्मा घटक विषाच्या जनुकांचे वाचन सुरू करतो, तो नसेल तर विष जवळजवळ बनतच नाही. टीसीडी-ई विष पेशीबाहेर जाण्यास मदत करतो. टीसीडी-सी विष रोखतो, असे बरीच वर्षे पाठ्यपुस्तकांत छापले जात होते. पुढच्या प्रयोगांत मात्र परस्परविरोधी निष्कर्ष निघाले, तेव्हा त्याच्यावर फार भर न दिलेला बरा.

खरी सूत्रे या पट्ट्याच्या बाहेर आहेत आणि ती अन्नाशी बांधलेली आहेत. जंतूच्या पेशीत ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन यांसारखी अमिनो आम्ले आणि जीटीपी मुबलक असतील, तर कोडवाय नावाचे प्रथिन टीसीडी-आरच्या सुरुवातीच्या भागाला चिकटून बसते आणि विषाचे काम बंद ठेवते. ग्लुकोजसारखी सहज वापरता येणारी साखर मिळत असेल, तर सीसीपीए हे दुसरे प्रथिन तसेच करते. अन्न आटले की दोन्ही प्रथिनांची पकड सुटते. टीसीडी-आर तयार होतो, तो स्वतःचे उत्पादनही वाढवतो आणि विष भराभर बनू लागते. प्रयोगशाळेतल्या बाटलीत हे सरळ दिसते. रस्सा ताजा असताना, जंतू दुप्पट-चौपट होत असताना त्यात विष नगण्य असते. वाढ थांबल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ते चढते. म्हणून विषासाठी वाढवायच्या माध्यमात ग्लुकोज घालत नाहीत आणि 24 तासांच्या रश्श्यावरून निकाल देण्याची घाई करत नाहीत. 1982 मध्ये सलिव्हन, पेलेट आणि विल्किन्स यांनी दोन्ही विषे शुद्ध स्वरूपात वेगळी केली. त्यासाठी जंतू रश्श्यात बुडवलेल्या डायलिसिसच्या पिशवीच्या आत वाढवत. पोषणाचे लहान रेणू आत येत राहत आणि मोठे विष पिशवीतच साठत जाई.

एकाच बाटलीतले सगळे जंतू विष बनवत नाहीत, हे अलीकडच्या काळात दिसले. जनुके सारखी, अन्न सारखे, तरी काही पेशी उत्पादनाला लागतात आणि काही स्वस्थ राहतात. मूठभरांनी विष बनवायचे आणि फुटलेल्या आतड्यातून सुटणारे अन्न सर्वांनी खायचे, असा हा व्यवहार दिसतो. आतड्याच्या दाहातून प्रथिनांचे तुकडे आणि अमिनो आम्ले बाहेर पडतात, सी डिफ त्यांवर पोसला जातो, हे उंदरांवरच्या प्रयोगांतून पुढे आले आहे. तेव्हा विष हे या जंतूचे अन्न मिळवण्याचे साधन आहे, माणसाचा जीव घेणे त्यात हिशेबाबाहेर घडते.

पेशीत शिरल्यावर विषाची करामत पाहण्यासारखी आहे. विष पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहक प्रथिनाला चिकटते, पेशी त्याला गिळून एका थैलीत ओढते. थैलीतले आम्ल वाढले की विषाचा आकार बदलतो, थैलीच्या भिंतीला छिद्र पडते आणि विषाचा कार्यकारी भाग त्यातून आत सरकतो. इथे विष स्वतःच स्वतःला कापते. कापण्याची कळ दाबणारा रेणू मात्र माणसाच्याच पेशीतला असतो, त्याचे नाव आयनॉसिटॉल हेक्साफॉस्फेट. ज्वारी-बाजरीच्या दाण्यात ज्याला फायटिक आम्ल म्हणतात तो हाच रेणू. भाकरीतल्या फायटिक आम्लाचा या आजाराशी संबंध जोडायला अर्थातच काही आधार नाही.

सुटा झालेला तुकडा म्हणजे एक एन्झाइम. ते पेशीतल्या साठ्यातून ग्लुकोजचा एक रेणू उचलते आणि ऱ्हो कुळातल्या लहान प्रथिनांवर एका ठरावीक जागी चिकटवते. ऱ्हो-एमध्ये ती जागा 37 व्या क्रमांकाच्या थ्रिओनिनची आहे. 1995 मध्ये जर्मनीतल्या यूस्ट, आक्टोरीस आणि सहकाऱ्यांनी ही क्रिया उलगडली. साखर बसली की ऱ्हो निकामी होते आणि पेशीचा आकार तोलून धरणारे ॲक्टिनचे धागे, तंबूच्या दोऱ्या सोडल्यासारखे, सैल पडतात. पेशी गोल होतात. आतड्याच्या अस्तरात शेजारच्या पेशींना जोडणारे सांधे सुटतात, पाणी आतड्यात झिरपते, पांढऱ्या पेशी धावून येतात, मेलेल्या पेशी, फायब्रिन आणि श्लेष्मा यांचा पापुद्रा बनतो. जंतूला विष बनवण्यापासून रोखणारी साखर आणि विषाने हत्यार म्हणून वापरलेली साखर एकच, हा योगायोग सी डिफवर काम करणाऱ्यांच्या लक्षात राहतो.

दोहोंपैकी घातक कोणते, या प्रश्नाला एक भारतीय धागा आहे. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात पटकीच्या जंतूचे द्रव्य टोचण्याची पद्धत विकसित केली आणि 1959 मध्ये पटकीचे विष दाखवून दिले. सी डिफची विषे याच पद्धतीने तपासली गेली. टॉक्सिन एने बांधलेले आतडे रक्ताळलेल्या द्रवाने फुगले, बीने फारसे काही केले नाही. त्यावरून ए हेच मुख्य, असा समज पक्का झाला. पण संवर्धित पेशींवर बी हे एच्या शेकडो पटींनी जहाल ठरत होते, आणि फक्त बी बनवणारे वाण माणसांत साथी पसरवत होते. 2009 मध्ये लायरास आणि सहकाऱ्यांनी जनुके एकेक करून बंद केली, तेव्हा बी नसलेल्या वाणाची हॅमस्टरमधली घातकता बरीच घटलेली दिसली. पुढच्याच वर्षी कूने यांच्या गटाला एकट्या एनेही आजार होताना दिसला. वाद पूर्ण मिटलेला नाही. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर पारडे बीकडे झुकते. ससा माणूस नव्हे, एवढे तरी त्यातून कळले.

विषाचे प्रमाण किती घात करू शकते, हे कॅनडाच्या क्वेबेकमध्ये 2003 च्या सुमारास दिसले. 027 या वाणाने तिथली रुग्णालये हादरवली. हा वाण प्रयोगशाळेत नेहमीच्या वाणांच्या तुलनेत टॉक्सिन ए 16 पट आणि टॉक्सिन बी 23 पट बनवतो, असा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्याकडे बायनरी टॉक्सिन नावाचे तिसरे विषही आहे. फ्लुरोक्विनोलोन गटातल्या औषधांना तो दाद देत नव्हता, आणि ती औषधे तर खिरापतीसारखी वाटली जात होती.

मराठवाड्यातल्या मेडिकल दुकानांत हाच गट ओळखीचा आहे. जुलाब लागले की ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल यांची एकत्र गोळी घेण्याची सवय खेड्यापाड्यांत मुरलेली आहे. तिसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन औषधे 2014 पासून एच-वन अनुसूचीत आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि दुकानात नोंद ठेवावी लागते. तरीही मंठा किंवा घनसावंगीहून जालन्यात येणारा वयस्क रुग्ण बऱ्याचदा दोन-तीन प्रतिजैविके पोटात घेऊनच येतो. न्यूमोनियासाठी किंवा मोडलेल्या खुब्यासाठी दाखल झाल्यावर सेफ्ट्रायॅक्सोन सुरू होते, ताप उतरला नाही तर मेरोपेनेमवर जातात. पाचव्या-सहाव्या दिवशी दिवसातून आठ-दहा पातळ संडास. नातेवाईक डाळीला दोष देतात, सिस्टर ‘अँटिबायोटिकचं आहे, थांबेल’ म्हणतात, आणि पुष्कळदा त्या बरोबरही असतात. प्रतिजैविकांनंतरच्या सगळ्या जुलाबांत सी डिफचा वाटा लहानच असतो. क्लेबसिएला ऑक्सिटोका आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारखे आणखी काही विषकारी जंतूही याच संधीची वाट पाहतात. नुसती आतड्याची घडी विस्कटल्याने होणारे जुलाब तर त्याहून कितीतरी जास्त.

ही घडी विस्कटते म्हणजे काय, तेही रसायनाच्या भाषेत सांगता येते. यकृतातून आलेल्या पित्तक्षारांचे रूपांतर मोठ्या आतड्यातले काही सज्जन जंतू दुय्यम पित्ताम्लांत करतात. टॉरोकोलेट हा मूळ पित्तक्षार ग्लायसिनच्या साथीने सी डिफच्या बीजाणूला उगवण्याचा इशारा देतो, तर दुय्यम पित्ताम्ले जंतूची वाढ दाबतात. प्रतिजैविकांनी रूपांतर करणारे जंतू मेले की टॉरोकोलेट साठते. बीजाणू उगवतो, मोकळ्या पडलेल्या अन्नावर वाढतो, अन्न संपते आणि मग पुढचे आपोआप घडते. बाळांच्या पोटात हा जंतू सर्रास असूनही ती निरोगी कशी राहतात, याचे पूर्ण समाधान झालेले नाही. एक वर्षाखालच्या बाळाचा नमुना या चाचणीला घेऊ नये, एवढा व्यावहारिक नियम मात्र पक्का आहे.

भारतात हा आजार नाही, अशी समजूत बराच काळ होती. चंडीगढ आणि दिल्लीच्या मोठ्या संस्थांनी ती खोडून काढली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2011 मध्ये आपल्याकडच्या रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. अलीकडे नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधल्या संशोधकांनी नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या सहकाऱ्यांसह विदर्भात काम केले आहे. या सगळ्या संस्था मोठ्या शहरांतल्या आहेत. 2024 मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जिल्ह्यातला प्रश्न जिल्ह्यातच तपासण्याची संधी त्यामुळे आली आहे.

तपासणीत सर्वांत कच्चा दुवा यंत्राचा नसतो, डबीचा असतो. शौचातले विष नेहमीच्या तापमानाला टिकत नाही, नमुना घेतल्यापासून दोन तासांतच ते चाचणीला सापडणार नाही इतके घटू शकते. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे असताना रात्री घेतलेली डबी सकाळपर्यंत खिडकीत राहिली, किंवा बर्फाशिवाय एस.टी.ने साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला गेली, तर तिच्यात विष शोधणे व्यर्थ आहे. बीजाणूचे मात्र त्या प्रवासात काहीही बिघडत नाही. म्हणून त्याच डबीतून डीएनएची चाचणी ‘आहे’ म्हणते आणि विषाची चाचणी ‘नाही’ म्हणते. रिपोर्ट वाचणारा डॉक्टर गोंधळतो, आणि गोंधळलेला माणूस सोयीचा निकाल निवडतो. दोन ते आठ अंश तापमानात हाच नमुना दोन-तीन दिवस चालतो. गोठवणे-वितळवणे वारंवार केले तर पुन्हा विषच कमी होते.

चाचणीच्या कार्डावर सहसा दोन गोष्टी एकत्र पाहतात : सर्व सी डिफ वाणांत असणारे जीडीएच हे एन्झाइम आणि टॉक्सिन ए-बी. दोन्ही रेषा उमटल्या तर प्रश्न मिटला, दोन्ही नाहीत तरीही मिटला. जीडीएच आहे आणि विष नाही, असा निकाल आला की विचार करावा लागतो. बिनविषारी वाण असेल, विषारी वाण स्वस्थ बसलेला असेल, की डबी उन्हात राहिली असेल? डीएनए चाचणी यांतली पहिली शक्यता तेवढी निकालात काढते. 2013 मध्ये प्लँश आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या 12 हजारांहून अधिक नमुन्यांचा अभ्यास मांडला. ज्यांच्या शौचात प्रत्यक्ष विष होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त होते. केवळ विष बनवू शकणारा जंतू सापडलेल्यांत ते तसे वाढलेले नव्हते. याचा अर्थ, जनुक सापडले म्हणून उपचार सुरू करणे हे निदान नव्हे. घट्ट संडासचा नमुना आला तर तो परत पाठवणे आणि जुलाब थांबल्यावर ‘गेला का पाहू’ म्हणून पुन्हा चाचणी न करणे, हेही याच कारणाने. बरे झालेल्या माणसातही बीजाणू आठवडे-महिने निघत राहतात.

ज्या प्रयोगशाळेत संवर्धन होते तिथे या जंतूची ओळख नाकाला आधी होते. पॅरा-क्रेसॉलमुळे प्लेटला घोड्याच्या तबेल्यासारखा वास येतो, आणि ब्लड अगरवरच्या वसाहती अतिनील दिव्याखाली पिवळ्या-हिरव्या चमकतात. नमुन्यातून त्याला वेगळा काढण्याची युक्ती शिकाऊ तंत्रज्ञांना चकित करते. शौच तेवढ्याच शुद्ध अल्कोहोलमध्ये कालवून तासभर ठेवायचे. बाकीचे जंतू बहुतांशी मरतात आणि सी डिफचे बीजाणू उरतात. 2020 नंतर प्रत्येक खाटेच्या कडेला सॅनिटायझरची बाटली लटकली आणि साबणाच्या बेसिनकडे जाणे कमी झाले, हे आठवले की या युक्तीचा दुसरा अर्थ उलगडतो. प्रयोगशाळेत ज्या द्रवाने हा जंतू निवडून काढतात, त्याच द्रवाने वॉर्डात हात चोळून तो जाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. साबण आणि वाहते पाणी त्याला मारत नाही, पण हातावरून धुऊन काढते. खाट, बेडपॅन, संडासाची कडी यांना हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण, लागतो. उन्हात उघडा पडलेला हायपो हळूहळू पाण्याइतका निरुपद्रवी होतो, म्हणून तो रोज नवा कालवायचा आणि पुसल्यावर दहा मिनिटे ओला राहू द्यायचा. वॉर्डातल्या मावशींना हे एकदा नीट सांगितले की त्या पाळतात. सांगणाऱ्यांचीच वानवा असते.

उपचारात पहिले पाऊल म्हणजे शक्य असेल तर चालू प्रतिजैविक थांबवणे. मेट्रोनिडॅझोल आता पहिल्या पसंतीचे राहिलेले नाही, व्हॅन्कोमायसिन तोंडावाटे देतात, परवडत असेल तिथे फिडॅक्सोमायसिन. व्हॅन्कोमायसिनच्या कॅप्सूल हाताशी नसतात तेव्हा इंजेक्शनची बाटली विरघळवून 125 मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा पाजतात. शिरेतून दिलेले व्हॅन्कोमायसिन मोठ्या आतड्याच्या पोकळीत पोहोचतच नाही. ‘इंजेक्शन प्यायला?’ हा सिस्टरचा प्रश्न रास्त आहे आणि केसपेपरवर ‘तोंडावाटे’ हा शब्द ठळक लिहिणे हे त्याचे उत्तर. औषध जंतू थोपवते, आतड्यात आधीच सुटलेले विष नाहीसे करत नाही, त्यामुळे दोन-तीन दिवस जुलाब तसेच राहिले म्हणून औषध बदलायची घाई करू नये. पांढऱ्या पेशी 15 हजारांवर गेल्या, क्रिएटिनिन 1.5 च्या वर चढले, पोट फुगून जुलाब एकाएकी थांबले, तर मात्र वाट पाहायची नाही, सर्जनला बोलवायचे.

साधारण पाचातल्या एका रुग्णात आजार उलटतो. विषावरच हल्ला करण्याचे प्रयत्न इथूनच सुरू झाले. टॉक्सिन बीला निकामी करणारे बेझलोटॉक्सुमॅब हे प्रतिद्रव्य अमेरिकेत 2016 मध्ये मंजूर झाले. एविरुद्धच्या जोडीदार प्रतिद्रव्याने एकट्याने काही साधले नाही. बेझलोटॉक्सुमॅब उलटण्याचे प्रमाण कमी करत होते, तरी कंपनीने जानेवारी 2025 मध्ये ते बाजारातून काढून घेतले. निष्क्रिय केलेल्या विषांपासून बनवलेल्या लसी मोठ्या चाचण्यांत अपेक्षित यश मिळवू शकल्या नाहीत. निरोगी माणसाच्या शौचातले जंतू रुग्णाच्या आतड्यात पोहोचवण्याचा उपाय मात्र 2013 च्या डच चाचणीत व्हॅन्कोमायसिनपेक्षा सरस ठरला. त्या उपायाने विष निकामी केले जात नाही. आतड्यात पुन्हा गर्दी होते आणि बीजाणूला उगवायला जागा उरत नाही.

रुग्णालयात असताना किंवा प्रतिजैविकांचा कोर्स संपल्यानंतर महिना-दोन महिन्यांच्या आत दिवसातून तीन किंवा जास्त पातळ संडास होऊ लागले, तर आधी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत. जुलाब बंद करणारी गोळी मनाने घेऊ नये. नमुना ताजा घ्यावा, झाकण घट्ट लावावे, बर्फाच्या पेटीत ठेवून थेट प्रयोगशाळेत पोचवावा आणि डबीवर नमुना घेतल्याची वेळ लिहावी. वेळ नसलेल्या डबीवरचा विषाचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट कोणीही, डॉक्टरने किंवा नातेवाइकाने, शेवटचा मानू नये.